पुलाच्या अलीकडे

पत्र:

ताई, मी ४३ वर्षांची, नाशिकला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. यजमान ४७ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची कंपनीतली नोकरी गेली. तेव्हापासून ते एका अमेरिकन कंपनीचं काम कंत्राटावर घरूनच करतात. महिन्याला साधारण दोन हजार डॉलर मिळतात. कॉल रात्री दोन-अडीचपर्यंत चालतात. मुलगी आठवीत आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या, आमच्याजवळच असतात. फ्लॅटचं कर्ज फिटलंय.

गेले सहा महिने ह्यांना एकाच गावाचं वेड लागलंय: पॅराग्वेमधलं एन्कार्नासिओन. व्हिडिओ बघून बघून तिथल्या गल्ल्या पाठ झाल्यात. भाडं तीन-चारशे डॉलर, नदीकाठी वाळूचा किनारा, बाहेरच्या उत्पन्नावर कर नाही, तीन वर्षांत पासपोर्ट, आणि पूल ओलांडला की अर्जेंटिना. फ्लॅट विकून जाऊ म्हणतात. मी नको म्हटलं की "तुला कशातच उत्साह नाही" हे ऐकून घ्यावं लागतं. खरंच इतकं स्वस्त आहे का? आम्ही शाकाहारी, निभावेल का? की मीच आडकाठी घालतेय? आणि हसू नका, पण तिथे उपास कसे करायचे?

— एक वाचक, नाशिक

उत्तर:

हसले नाही, पण पत्र वाचून बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. एन्कार्नासिओनमध्ये मी साडेतीन वर्षं काढली आहेत, २०१९च्या अखेरीपासून पुढे. माझ्या नवऱ्याचं काम धान्य साठवण्याच्या यंत्रांचं, आणि तो सगळा इतापुआ प्रांत म्हणजे सोयाबीनचं आगर. त्यामुळे तुमच्या यजमानांनी जे जे सांगितलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यातलं काहीही बनावट नाही. भाडं कमी आहे. पराना नदीचा काठ संध्याकाळी बघत राहावा असा आहे. करही कमी. तुम्ही त्यांना एवढंच विचारा, की ज्यांचे व्हिडिओ तुम्ही बघता त्यांचे पासपोर्ट कुठल्या देशाचे आहेत?

बहुतेक जर्मन असतील, नाहीतर अमेरिकन, कॅनेडियन. म्युनिकमध्ये दीड हजार युरो भाडं भरणाऱ्या माणसाला चारशे डॉलरचं घर फुकट वाटतं. तुम्ही नाशिकला स्वतःच्या, कर्ज फिटलेल्या घरात राहता. तुमचं भाडं शून्य आहे. शून्याहून चारशे डॉलर स्वस्त कसे, हे गणित मला तरी सुटत नाही.

थोडे आकडे देते. दोन झोपायच्या खोल्यांचं बरं घर साडेतीनशे ते पाचशे डॉलर. वीज खरोखर स्वस्त, कारण देशाची जवळजवळ सगळी वीज इताइपू आणि यासिरेता या धरणांची. पण जानेवारीत पारा चाळिशीला टेकला की एसी दिवसरात्र चालतो, आणि वादळ आलं की नेमकी तेव्हाच वीज जाते. मांस स्वस्त, ते तुमच्या उपयोगाचं नाही. घरकामाला बाई ठेवायची तर २०१९पासून कायद्याने पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. ते २०२५च्या जुलैत २८ लाख ९९ हजार ग्वारानी झालं. आकडा बघून दचकू नका. तिथे सगळेच लक्षाधीश, कारण १९४३ साली सुरू झालेल्या त्या चलनावरचं एकही शून्य आजवर कोणी काढलेलं नाही. डॉलरमध्ये ते साधारण चारशे होतात. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या मावशींसारखी दोन तासांची सोय तिथे मनातही आणायची नाही. आम्हा तिघांचा महिन्याचा खर्च तेराशे-चौदाशे डॉलरच्या खाली कधी आला नाही, आणि आम्ही काही उधळे नव्हे. वर आरोग्य विमा, स्पॅनिशची शिकवणी, आणि वर्षाकाठी एकदा घरी यायचं तर तिघांची तिकिटं. दोन हजारांतून जे उरेल त्याहून जास्त आज नाशिकला उरतं.

तेव्हा पैशासाठी जायचं हे कारण तुम्ही वहीतून खोडून टाका. दुसरं काही कारण असू शकतं. त्याकडे मी नंतर येते.

आता पुलाची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगते, कारण यजमानांच्या स्वप्नात निम्मा वाटा पुलाचा आहे.

हे गाव मुळात नदीपलीकडचं. रोके गोन्सालेस दे सांता क्रूस नावाच्या जेझुइट पाद्र्याने १६१५ साली जी वस्ती वसवली ती आजच्या पोसादासच्या, म्हणजे अर्जेंटिनाच्या बाजूला. काही वर्षांत ती नदी ओलांडून अलीकडे आली. म्हणून दोन्ही गावं एकच जन्मदिवस सांगतात, २५ मार्च. १९९०मध्ये दोघांना जोडणारा पूल झाला, त्याला त्याच पाद्र्याचं नाव. एक लाख ग्वारानीच्या नोटेवर चेहराही त्याचाच. २०१४च्या अखेरीस पुलावरून छोटी रेल्वे सुरू झाली, नदी पार करायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तिथल्या लोकांच्या लेखी ती नदी म्हणजे आपल्याकडच्या दोन पेठांमधला ओढा. डोक्यावर, खांद्यावर बोचकी घेऊन पूल ओलांडणाऱ्या बायका, ज्यांना तिथे पासेरा म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या या दोन काठांमधल्या भावाच्या फरकावर संसार चालवत आल्या आहेत.

आणि तुम्ही? तुम्हाला पॅराग्वेत पाऊल टाकायलाच व्हिसा हवा, आणि तो दिल्लीतल्या वकिलातीतून निघतो. अर्जेंटिनाचा वेगळा. २०२५च्या ऑगस्टपासून अर्जेंटिनाने एक सवलत दिली आहे, अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. तो तुमच्यापैकी कोणाकडे आहे का ते बघा. नसेल, आणि अर्जेंटिनाचा व्हिसाही काढलेला नसेल, तर एन्कार्नासिओनच्या नदीकाठावर बसून तुम्ही पोसादासचे दिवे मोजू शकता, जाऊ शकत नाही. शिवाय एक सापळा आहे. पॅराग्वेचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही हौसेने पलीकडे गेलात, तर परत येताना तुमच्या हातात काहीच नसतं. भाड्याचं घर, कपडे, लॅपटॉप नदीच्या एका काठाला आणि तुम्ही दुसऱ्या. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचं हेच झालं. आठ मिनिटांच्या गाडीने गेला होता, परत यायला बावीस दिवस लागले.

आम्ही गेलो आणि चार महिन्यांत कोविड आला. मार्च २०२०मध्ये पूल बंद झाला तो दीड वर्षाहून जास्त काळ. तेव्हा कळलं की सीमेवरचं गाव म्हणजे काय. आमच्या गल्लीतल्या कापडवाल्याचं सगळं गिऱ्हाईक पलीकडचं. तो सकाळी दुकान उघडायचा, खुर्ची टाकून तेरेरे, म्हणजे थंड पाण्यातला माते नावाचा पाल्याचा चहा, पीत बसायचा आणि दुपारी बंद करायचा. पूल उघडला तोवर त्या रांगेतली कितीतरी दुकानं कायमची बंद झाली होती.

मग उलट लाट आली. अर्जेंटिनाचा पेसो घसरत गेला आणि २०२२-२३मध्ये आमच्या बाजूचे सगळे पलीकडे पेट्रोल भरायला, तेल-साखर-साबण आणायला जायचे. पुलावर तासन्‌तास रांगा. यजमानांच्या आवडत्या व्हिडिओंपैकी काही त्याच काळातले असतील, तारीख बघायला सांगा. पुढे डिसेंबर २०२३मध्ये पेसोचं एका दिवसात निम्म्याहून जास्त अवमूल्यन झालं, नंतर तिथली महागाई डॉलरच्या हिशेबात इतकी वर गेली की सगळंच फिरलं. माझी जुनी शेजारीण सांगते, की आता पोसादासवाले टीव्ही, टायर, शाळेची दप्तरं घ्यायला इकडे येतात, आणि गावातली दुकानं पुन्हा उजळली आहेत. अशा गावाची स्वस्ताई त्याची स्वतःची नसते. ती पलीकडच्या चलनाच्या हातात असते आणि दोन वर्षांत कूस बदलते.

म्हणून माझं म्हणणं असं. एन्कार्नासिओनचा विचार करायचा तर पूल नाही असं धरून करा. फक्त अलीकडचा काठ बघा. तो पुरेसा वाटला तर पुढचं बोला.

अलीकडचा काठ वाईट नाही हो. वस्ती लाखभर, रस्ते रुंद, रात्री उशिरा बायका-मुलं नदीकाठी फिरतात. तो काठसुद्धा धरणाने दिलेला. यासिरेताचं पाणी २०११मध्ये पूर्ण पातळीला, ८३ मीटरला चढवलं आणि जुना खालचा बाजार, जिथे गावाची सगळी उलाढाल होती, तो पाण्याखाली गेला. हजारो लोक उठले. नव्या दगडी काठावर आणि सान होसेच्या वाळूवर लोक सेल्फी काढतात, तेव्हा जवळच बाकावर बसलेले म्हातारे बोटाने पाण्यातली जागा दाखवतात, "तिथे माझं दुकान होतं". उजनीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तीसेक किलोमीटरवर त्रिनिदादचे जेझुइट अवशेष आहेत, लाल दगडाचे, १९९३पासून जागतिक वारसा. जवळच होहेनाऊ, ओब्लिगादो, बेया व्हिस्ता ही जर्मन वंशाच्या लोकांची गावं, पिरापो ही जपान्यांची वसाहत, युक्रेनियनही आहेत. म्हणजे बाहेरून येऊन राहणारे तिथे नवे नाहीत. भारतीय मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

स्वयंपाकघराबद्दल. भाजीपाला, दूध, चीज, राजम्यासारखे पोरोतो, तांदूळ, सगळं मिळतं. नडतं ते वेगळंच. तिथला आवडता खाऊ म्हणजे चीपा, मँडिओका नावाच्या कंदाच्या पिठाची आणि चीजची कडी. बसमध्ये, सिग्नलवर, दवाखान्यात, सगळीकडे टोपलीत गरम गरम. मी पहिले दोन महिने रोज खाल्ली. मग कळलं की पारंपरिक चीपात डुकराची चरबी असते. सोपा पराग्वायाचंही तेच. नावाला सूप, प्रत्यक्षात मक्याचा घट्ट ढोकळा, आणि त्यातही बहुधा चरबी. तेव्हा "ग्रासा दे चांचो आहे का?" हे वाक्य तुम्ही विमानातच पाठ करा. बेजू मात्र करून घ्या, पीठ, चीज आणि लोणी किंवा तेल घालून तव्यावर थापलेलं, आपल्या थालीपिठाची चुलत बहीण. घरी केलं तर पूर्ण शाकाहारी. डिसेंबरात आंबे इतके येतात की रस्त्यावर सडा पडतो आणि कोणी उचलत नाही. मी कैऱ्या पाडायला लागले तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती.

कागदपत्रांत तुमचा जीव जाईल, यजमानांचा नाही. का ते सांगते. २०२२च्या स्थलांतर कायद्यानुसार आधी दोन वर्षांचा तात्पुरता रहिवास आणि मग कायमचा. त्यासाठी जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, सगळ्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का, आणि मग पॅराग्वेतल्याच नोंदणीकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. आता तिथल्या बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. आणि आपल्याकडे? जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, तेही जुन्या दाखल्यात कधी नुसतं "मुलगी". पदवीवर वडिलांचं नाव मधे. पासपोर्टवर नवऱ्याचं. आणि तांदळात नाव बदललं असेल तर पहिलं नावही वेगळं. तिथल्या खिडकीवरच्या बाईने माझे तीन कागद पुढे ठेवले आणि अगदी सहानुभूतीने विचारलं, "या तिघींपैकी तुम्ही कोण?" आम्ही ज्या मध्यस्थाला पैसे दिले होते त्याने फोन उचलणं बंद केलं. शेवटी राजपत्रातली नोंद, विवाहाचा दाखला, पुन्हा अपोस्टिल, पुन्हा भाषांतर, असे सात महिने गेले. तुम्ही जाणार असाल-नसाल, पण तुमचे कागद एका नावाखाली आणायचं काम आजच सुरू करा. जन्मदाखला केवळ मराठीत असेल तर इंग्रजीसह असलेला नवा काढून घ्या. मराठीतून स्पॅनिश करणारा अनुवादक तिथे शोधून सापडणार नाही. एक बरं झालंय, २०२२मध्ये असुन्सिओनला भारताचा दूतावास सुरू झाला. आधी सगळं ब्युनोस आयरेसहून चालायचं. तरी एन्कार्नासिओनहून असुन्सिओन ३७० किलोमीटर, बसने सहा तास धरा.

पासपोर्टचं म्हणाल तर, राज्यघटनेत तीन वर्षांच्या रहिवासाची अट आहे हे खरं. पण निर्णय सर्वोच्च न्यायालय देतं, आणि माणूस तिथे खरोखर रुजलाय का हे बघतं. मुख्य म्हणजे तो पासपोर्ट घेतला त्या दिवशी भारताचं नागरिकत्व संपतं. तुमचे यजमान हे वाक्य मोठ्याने म्हणून बघायला तयार आहेत का?

कराबद्दल थोडक्यात, कारण हे सीएचं काम. बाहेरचं भाडं, व्याज, लाभांश यावर पॅराग्वे कर घेत नाही. पण तिथल्या टेबलाशी बसून केलेलं काम हे बाहेरचं उत्पन्न मानायचं की तिथलं, हा प्रश्न तिथल्या हिशेबनिसाला विचारल्याशिवाय "करमुक्त" हा शब्द वापरू नका. तिथलं धरलं तरी दर आठ ते दहा टक्के आहे, डोक्यावर आभाळ कोसळणार नाही. इकडे मात्र पैसे थेट भारतातल्या खात्यात घेत राहिलात तर आयकर खातं विचारणारच. बँक खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करावी लागतील, पीपीएफ मुदतीपर्यंत चालेल, नवं उघडता येणार नाही.

मुलीचं मला सगळ्यात अवघड वाटतं. शाळा फेब्रुवारीत सुरू होते, माध्यम स्पॅनिश, आणि ग्वारानी (चलनाचं नाव तेच, पण ही तिथली मूळ भाषा) हा विषय सगळ्यांना. गल्लीत मुलं बोलतात ती दोन्हींची खिचडी, तिला जोपारा म्हणतात. सहा वर्षांचं मूल हे सहा महिन्यांत उचलतं. माझा मुलगा सात वर्षांचा होता, वर्षभरात आम्हाला दुरुस्त करायला लागला. चौदा वर्षांच्या मुलीचं तसं नसतं. तिला वर्गात विनोद कळला पाहिजे, मैत्रीण पाहिजे, आणि ती नेमकी त्याच वयात मुकी होऊन बसेल. तिला विचारलंत का? तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही.

आणि सासूबाई. मुंबईहून साओ पाउलो, तिथून असुन्सिओन, मग बस. दार ते दार दोन दिवस. यावर मी जास्त लिहीत नाही, तुम्ही दोघं जाणताच. माझे वडील गेले तेव्हा मी साओ पाउलोच्या विमानतळावर होते.

आता ते दुसरं कारण. तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही अगदी सहज लिहून गेलात, "कॉल रात्री दोन-अडीचपर्यंत चालतात". दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं हा माणूस पहाटे झोपतोय, घर जागं असताना पडलेला असतो, मुलीच्या शाळेच्या वेळी झोपेत आणि तुमच्या झोपेच्या वेळी कामात. पॅराग्वेची वेळ न्यूयॉर्कच्या एक-दोन तास पुढे असते. तिथे तो सकाळी दहा-अकराला कामाला बसेल, संध्याकाळी सहाला मोकळा, आणि उरलेल्या उजेडात नदीवर जाईल. व्हिडिओत त्यांना वाळू दिसते असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्यांना त्या व्हिडिओत संध्याकाळ दिसते. नोकरी गेल्यापासून त्यांच्याकडे संध्याकाळ राहिलेली नाही, आणि हे बोलून दाखवणं भाड्याच्या आकड्यांपेक्षा पुरुषांना जड जातं.

मी चुकत असेन. तरी एकदा भाडं, कर, पासपोर्ट हे तिन्ही शब्द न काढता त्यांच्याशी बोला. दिवसा चालणारं, थोडं कमी पैशांचं काम नाशिकला बसून मिळत असेल, तर ते घेऊन बघायला तयार आहेत का, हे विचारा. उत्तर "हो" आलं तर एन्कार्नासिओनचं वेड आपोआप उतरेल. "नाही, मला इथून जायचंच आहे" असं आलं, तर ती वेगळी गोष्ट, आणि मग तुम्हालाही ती आडकाठी न घालता नीट ऐकावी लागेल. तुम्ही आतापर्यंत आडकाठी घातलेली नाही. तुम्ही प्रश्न विचारलेत, आणि त्यांनी उत्तराऐवजी तुमच्या उत्साहाचं मोजमाप काढलं.

तरीही जायचं ठरलंच तर फ्लॅटला हात लावायचा नाही. विकणं तर सोडाच, पहिलं वर्ष भाड्यानेही देऊ नका, सासूबाई तिथेच असू देत. यजमानांना आधी एकट्याला पाठवा, आणि जानेवारीतच पाठवा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर ते गाव इतकं गोड असतं की कुणीही फसेल. जानेवारी-फेब्रुवारीत कार्निव्हल, भाडी चढलेली, वाळूवर पाय ठेवायला जागा नाही, चाळीस अंश, डेंगीचे डास, आणि दुपारी बारा ते तीन अख्खं गाव झोपलेलं. त्यात ज्याला तरीही राहावंसं वाटलं तो तिथे राहू शकतो. मग जून-जुलैत तुम्ही तिघं जा. घरांना हीटर नसतात, दक्षिणेकडचा वारा सुटला की रात्री गोठतात, आणि गरम माते पीत सगळं घर एका खोलीत बसतं. तिकीट काढताना साओ पाउलोला सामान घेऊन बाहेर पडावं लागणार नाही असं एकसंध काढा, नाहीतर ब्राझीलचाही व्हिसा लागेल. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. ती जाताना लागेल न लागेल. परत येताना मात्र कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात बसवतात.

राहिला उपास. मी पहिल्या आषाढीला पुण्याहून नेलेल्या साबुदाण्याची खिचडी केली आणि शेजारणीला बशीभर दिली. तिने दाणा बोटावर घेऊन पाहिला आणि विचारलं, हे कसलं? मी सांगितलं, मँडिओका. तिचा विश्वास बसेना, कारण तिच्या परसात तोच कंद होता आणि ती तो रोज उकडून खात होती. मग मी शेंगदाणे दाखवले, त्यांना ती ग्वारानीत मांदुवी म्हणते. बटाटा, मिरची, तेही त्यांच्याच खंडातले. म्हणजे जिरं आणि तूप सोडलं तर आपला सगळा उपास तिच्या घरचा निघाला. ती म्हणाली, "मग तू एवढ्या लांबून हे कशाला उचलून आणलंस?" आणि उरलेला साबुदाणा मागून घेऊन दुसऱ्या दिवशी तिने तो कोंबडीच्या रश्श्यात घातला.